पंचफुलाचे दोन मुखवटे

मी, मनकर्णाबाई पुंजाजी ढोकणे, वय अंदाजे एकसष्ट, धंदा कागदाच्या लगद्याच्या टोपल्या व दंडारीच्या नाचाचे मुखवटे करणे, राहणार राजापेठ, अमरावती, डोके ठिकाणावर असताना व कोणाचीही भीड न धरता हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझ्या दिराची मुलगी कु. जमुना हिच्या एकटीच्या नावे व्हावे. तिचा बाप, अकोल्याचे खुशालराव, यांनी आत पाय ठेवण्यापूर्वी तिला विचारावे.

२. खुशालरावांना माझा भिंतीवरचा आरसा. माझी एकुलती एक पंचफुला बसक्या नाकाची. तीन ठिकाणचे लोक पोहे खाऊन, तिला चालवून बघून गेले. नाक तेवढे नीट करा, लग्न मी जमवतो, असे म्हणून मुंबईच्या डॉक्टरचा पत्ता यांनीच आणला. यांचेही नाक तसेच आहे, पण यांना कोणी नकटे म्हटले नाही.

३. आता माझा गुन्हा. डॉक्टरला दाखवायला मी पंचफुलाच्या तोंडाचा मातीचा साचा घेतला, त्यावर सरळ नाक चढवले आणि कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथी वाटून मुखवटा केला. इतके चांगले काम माझ्या हातून कधी झाले नव्हते. तो तिला बांधून आरशापुढे उभी केली, म्हटले, बघ कशी दिसतेस. बडनेऱ्याला मुंबईच्या गाडीत बसताना ती हळूच म्हणाली, "माय, आता त मी तुले आवडीन ना?" मी म्हटले, चूप बस, लोक ऐकतील. नाकात बसवलेले हाड पिकले. अकराव्या दिवशी ती तिकडेच गेली. सन १९५४. उत्तर द्यायचे राहून गेले.

४. साच्यावरचे ते नाक खरवडून मी दुसरा मुखवटा केला, तिच्या खऱ्या तोंडाचा. तो जमुनाला. दिवाळीनंतर तिलाही त्याच डॉक्टरकडे नेणार असे ऐकते. पोरी, नाक तुझे आणि घर तुझे, अट कोणतीच नाही. फक्त तुला बघायला येईल त्या मुलाने आधी हा मुखवटा बांधून बायांसमोर बसावे, चालून दाखवावे.

५. सरळ नाकाचा पहिला मुखवटा सात वर्षे भिंतीकडे तोंड करून टांगला आहे. तरी झाडताना पाठीवर त्याची नजर लागते. घरात मेथीचा वास सुटला की पंचफुला तेच पुन्हा विचारते. तो तिरडीवर माझ्या तोंडावर बांधावा आणि माझ्यासोबत जाळावा. लिहिणारे जानराव म्हणतात, असे तोंड झाकून नेत नाहीत. माझे झाकावे. पंचफुलाने ते नाक कधी मागितले नव्हते. मला हवे होते.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

राजापेठ, अमरावती
दि. ३ ऑक्टोबर १९६१

मनकर्णाबाई पुंजाजी ढोकणे, डाव्या अंगठ्याची निशाणी (अंगठ्याला लगदा लागला होता, म्हणून दुसऱ्यांदा घेतली)

साक्षीदार: पंजाबराव टाले, सही
गंगूबाई इंगळे, अंगठा
लिहिणार: जानराव भटकर, सही