अठरा अक्षरांत लोरेटा

३ सप्टेंबर, सकाळी ५.४०
आजपासून रोज लिहायचं. ठरलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर रोज लिहून ठेवायला वही दिली होती, तीच वापरतो आहे. ब्लडप्रेशर उद्यापासून.

मुद्दा एक: शिंगराला नाव. सोळा महिन्यांची झाली तरी बिननावाची. डिसेंबरअखेर नाव नोंदवलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तिला गाडीला जुंपून दुडक्या चालीच्या शर्यतीत उतरवता येणार नाही, असं मर्ल म्हणतो.

मुद्दा दोन: बायको, लोरेटा. विश्रांतीसाठी बहिणीकडे गेली आहे. मार्चपासून. जाताना मिक्सर, शिवणाचं मशीन आणि कुत्रं घेऊन गेली. विश्रांतीला कुत्रं लागतंच.

दोन्ही मुद्दे ख्रिसमसच्या आत निकालात.

४ सप्टेंबर
नावं ठेवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या काउंटीत कोणी नाही. मर्लला पटत नाही. मर्ल तीस वर्षं माझे घोडे शिकवतो आहे, त्यामुळे त्याला वाटतं त्याला घोड्यांतलं कळतं. म्हणाला, वेंडेल, तू नाव ठेवलंस की घोडा मुद्दाम उलटं वागतो. मग यादीच काढली. 'शुअर थिंग' बावीस शर्यती धावला, पहिल्या पाचात कधीच नाही. 'जेंटल ब्रीझ' दोन पशुवैद्यांना चावली. 'रॉकेट ग्रब' आता मोटार न वापरणाऱ्या एका आमिश कुटुंबाची बग्गी ओढतो, आणि परवा म्हणे त्याला गवत कापायच्या मशीनवर बसलेल्या एका म्हातारीनं मागं टाकलं.

मी म्हणालो, यात नावाचा काय दोष?

'लाउड लोरेटा'चा विषय मात्र त्यानं काढायला नको होता. अकरा वर्षं झाली त्याला. घोडीला बायकोचं नाव देण्यापेक्षा मोठा मान कुठला? आता घोडीनं दुडकी चाल मोडून जत्रेच्या शर्यतीत चौखूर उधळावं, हे माझ्या हातात नव्हतं. अनाउन्सर लाउडस्पीकरवर ओरडत होता, लाउड लोरेटा उधळली, लाउड लोरेटा कुणाला आवरत नाही! सगळं स्टँड हसून लोटपोट. लोरेटा तेव्हा चर्चच्या स्टॉलवर नूडल्स वाढत होती. तेव्हापासून शर्यतीला आली नाही. पाठ दुखते तिची.

१० सप्टेंबर
जत्रा. चर्चच्या स्टॉलसमोर रांगेत उभा राहिलो. लोरेटा डाव घेऊन उभी. मी थाळी पुढं केली. तिनं विचारलं, किती? मी म्हणालो, नेहमीइतक्या. ती म्हणाली, नेहमीइतक्या म्हणजे किती? एवढ्यात मागची बाई म्हणाली, आजोबा, सरका की पुढं, लेकरं उपाशी आहेत.

पण बोललो! सहा महिन्यांत पहिल्यांदा. नूडल्सही दोन डाव जास्त होत्या. मर्ल म्हणतो सगळ्यांनाच तेवढ्या मिळाल्या.

मग शर्यती बघत बसलो असताना डोक्यात लख्ख उजेड पडला. शेवटच्या सरळ पट्ट्यात अनाउन्सर सगळ्यात पुढच्या घोड्याचं नाव घेऊन घसा फोडतो. स्टँडही उभं राहून तेच ओरडतं. म्हणजे पुढच्या वर्षी माझी घोडी पुढं असणार, आणि तीन हजार माणसं एका सुरात ओरडणार: कम होम लोरेटा! कम होम लोरेटा! समोर ती, हातात डाव. कोणती बाई नाही म्हणेल?

मर्यादा अठरा इंग्रजी अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. पाकिटावर मोजली. सतरा भरली. याला नियती म्हणतात.

१२ सप्टेंबर
नावाचा अर्ज पाठवला. कुणालाही सांगायचं नाही, नाव चोरतात लोक. फक्त मर्लला सांगितलं. आणि न्हाव्याला. आणि दुधाच्या टँकरवाल्याला, पण तो दुसऱ्या काउंटीतला आहे.

२६ सप्टेंबर
नोंदणी ऑफिसातून बाईंचा फोन. नाव मोकळं आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, असणारच. मग म्हणाल्या, ही लोरेटा कोण? मी म्हणालो, माझी बायको. त्या म्हणाल्या, हयात आहेत का? हयात माणसाचं नाव घोड्याला द्यायचं तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते. मी म्हणालो, मागच्या वेळी दिली होती की. त्यांनी जुनी फाईल काढली. मग म्हणाल्या, ग्रब साहेब, मागच्या परवानगीतलं अक्षर आणि तुमच्या अर्जातलं अक्षर जुळी भावंडं दिसतात.

नवराबायकोत कसली आली परवानगी!

या वेळी नोटरीसमोर सही हवी. ठीक आहे. उलट बरंच झालं. भेटायला कारण मिळालं.

३० सप्टेंबर
लोरेटाच्या बहिणीकडे, अर्लीनकडे गेलो. बरोबर फॉर्म आणि आठ किलोचा भोपळा. दार अर्लीननं उघडलं, पण साखळी लावूनच. म्हणाली, ती घरी नाही. मी म्हणालो, गाडी तर दारात आहे. आतून लोरेटाचा आवाज आला, सांग त्याला, मी घरी नाही म्हणून.

आवाज ठणठणीत होता. विश्रांती मानवलेली दिसते. भोपळा साखळीतून आत जाईना, पायरीवर ठेवला.

९ ऑक्टोबर
पत्र लिहायला घेतलं. मनातलं सगळं मोकळेपणानं लिहायचं ठरवलं होतं. चार पानं झाली. वाचून पाहिलं तर साडेतीन पानं शिंगराच्या मागच्या गुडघ्यांवर. उरलेल्या अर्ध्यात घर तापवायचा बॉयलर बंद पडल्याचं.

फाडलं. उद्या नवीन.

२१ ऑक्टोबर
नवीन पत्र झालं नाही. घर गार आहे. रात्रीचं जेवण म्हणजे डब्यातलं सूप, डब्यातूनच. घरच्या आन्सरिंग मशीनवर अजून लोरेटाचा आवाज आहे: आम्ही आत्ता घरी नाही, निरोप ठेवा. तबेल्यातल्या फोनवरून घरी फोन लावून पाहिला. मशीन नीट चालतंय. खात्री करायला आज पाच वेळा लावला.

शेवटच्या वेळी निरोप ठेवायला लागलो होतो. काय ठेवायचा तेच सुचेना.

२ नोव्हेंबर
मर्ल म्हणाला, अरे, दुसरं नाव ठेव आणि मोकळा हो. शंभर नावं आहेत जगात. मी त्याच्यावर ओरडलो. मग माफी मागितली. मग रडू आलं, ते मात्र गवताच्या धुळीनं. मर्लनं त्याची थर्मासमधली कॉफी दिली आणि दुसरीकडे बघत बसला. मर्ल बरा माणूस आहे, नावांतलं कळत नाही एवढंच.

१४ नोव्हेंबर, दुपारी
आली! लोरेटा आली! हिवाळ्याचा कोट आणि लोणच्याच्या बरण्या न्यायला, पण आली.

सगळं नीट लिहून ठेवतो. ती थेट तबेल्यात गेली. शिंगराच्या आईला दूध नव्हतं, तेव्हा सहा आठवडे हिनंच बाटलीनं पाजलं होतं. शिंगराला ती बटन म्हणायची. मी तेव्हाच सांगितलं होतं, बटन शर्टाला असतं. आज तिनं दारातून नुसतं बटन म्हटलं आणि शिंगरू धडपडत आलं, डोकं तिच्या खांद्यावर टाकून उभं राहिलं. माझ्याकडे कधी येत नाही. मी साखर घेऊन गेलो तरी नाही.

तिनं विचारलं, मग नाव काय ठेवतोयस? मी सांगितलं. जत्रा, स्टँड, तीन हजार माणसं, सगळं समजावून सांगितलं. अठरातली सतरा अक्षरं भरल्याचंही सांगितलं.

ती शिंगराची आयाळ विंचरत राहिली. मग म्हणाली, लाउडस्पीकरवरून कशाला, वेंडेल? अडतीस वर्षांत मला तू स्वतःच्या तोंडानं एकदा तरी काही मागितलंस का? पुढच्या सप्टेंबरपर्यंत घोडी पळायची कशाला वाट बघतोस? मी इथं उभी आहे. म्हण ना आत्ता.

ती बघत होती. शिंगरूही बघत होतं.

मी म्हणालो, फॉर्म ट्रकमध्ये आहे, आणतो.

आणला. तिनं घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. म्हणाली, बँकेत नोटरी असतो, सही करून परस्पर पाठवते. बरण्या गाडीत ठेवायला मी मदत केली. तिनं थँक यू म्हटलं.

सही करते म्हणाली!! मोहीम फत्ते.

१५ नोव्हेंबर
झोप लागली नाही. आनंदानं असणार.

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की घेतली नाही, एकट्याला काय करायची. पण पुढच्या वर्षी दोघं असणार म्हणून स्वयंपाकघर रंगवायला काढलं. पिवळा, तिच्या आवडीचा. एक भिंत झाली. मर्ल येऊन बघून म्हणाला, तिला पिवळा आवडतो हे तुला कधी कळलं? विचार केला. आवडत असावा.

९ डिसेंबर
ऑफिसातून काही नाही. लोरेटाला फोन करून विचारावं म्हणून तीनदा नंबर फिरवला आणि तीनदा ठेवला. तिला जे मी ऐकवायला हवं होतं ते रोज शिंगराला ऐकवून सराव करतो आहे. 'घ'पर्यंत येतो आणि मग तिचे खूर कसे आहेत ते विचारतो.

सोमवारी नक्की.

१६ डिसेंबर
सोमवार होता. बर्फ फार.

२३ डिसेंबर, सकाळी ११
पाकीट आलं. नाव मंजूर. जाड कागद, शिक्का, खाली आई-बापाची नावं आणि वर ठळक अक्षरांत: कम होम लोरेटा. इतकं सुंदर नाव मी आजवर ठेवलं नव्हतं. एकदम फिट बसतं.

सोबत परवानगीच्या फॉर्मची प्रत. नोटरीची सही आहे, लोरेटाचीही आहे, तिच्या गोल अक्षरात. खाली एक रकाना असतो: या व्यक्तीचं घोड्याच्या मालकाशी नातं. तिथं मी आधीच भरून दिलं होतं, पत्नी. त्यावर पट्टी धरून सरळ रेघ मारली आहे. वर तिनं लिहिलं आहे, ओळखीची.

शेजारी ऑफिसचा छोटा शिक्का. दुरुस्ती मान्य.

मर्लला फोन करून सांगितलं, नाव मिळालं. मर्ल म्हणाला, झालं ना तुझ्या मनासारखं? मी हो म्हणालो.

मग स्वयंपाकघरात उभा राहून म्हणून बघितलं. लोरेटा, घरी ये. मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं. दोन सेकंदही लागत नाहीत.