सायीतला मक्का

१६ ऑगस्ट १९५७, शुक्रवार

आज सासूबाईंची तेरवी झाली. सकाळी झिमझिम, दुपारी उघाड. सव्वाशे पानं उठली. भात पुरला, वरणात दोनदा पाणी वाढवावं लागलं. संध्याकाळच्या चांद्याच्या गाडीने अर्धे पाहुणे गेले. उरलेले अर्धे ओसरीत बसून गेलेल्यांबद्दल बोलत आहेत.

माझ्याबद्दल बोलून झालं. धुरपताबाई – यांची मोठी बहीण, राजुऱ्याला दिलेली – मागच्या दाराशी कुणाला तरी सांगत होत्या, "इंदूच्या डोळ्याले एक थेंब नाई आला वो. सासू मेली, सुटली!" पाण्याचं काम आज माझ्याकडेच होतं, पण ते विहिरीचं. साठ घागरी ओढल्या. डोळ्यांतलं काढायला सवड झाली नाही.

धुरपताबाईंना आणखीही एक दुःख आहे. शेवटच्या दोन दिवसांत सासूबाईंनी त्यांचं नाव घेतलं नाही. विचारलं ते एवढंच – "बुधरी आली काय?" दोनदा, तीनदा. बुधरी म्हणजे नाल्यापलीकडच्या जंगलातल्या गावची गोंडाची बाई. दर उन्हाळ्यात रानातलं काहीबाही घेऊन यायची आणि सासूबाईंजवळ तासभर बसायची. मी गेले की दोघी गप्प. माझ्याबद्दलच बोलत असणार! यंदा ती आली नाही. पोटची लेक उशाशी आणि चौकशी बुधरीची! तापात बरळल्या, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ठरलं ते बरं झालं.

१८ ऑगस्ट

घर रिकामं. दर श्रावणात दुपारभर मागच्या खोलीत त्यांची ठकठक चालायची, दगडावर दगड. काय करता, विचारलं तर म्हणायच्या, "हाताले चाळा पायजे, माय." यंदा श्रावणात त्या अंथरुणावर होत्या, ठकठक नव्हतीच. इतकी वर्षं त्या आवाजाने झोप येत नाही म्हणून कुरकुरले. आता आवाज नाही. झोपही नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

चतुर्थी. आमच्याकडे यंदा काही नाही.

मुखरूकाका आले. मामंजींचे धाकटे भाऊ – घरातले शास्त्री. त्यांचं शास्त्र पोटातून निघतं. पाटावर बसून बोटांवर मोजत सांगितलं – यंदा महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत. वर्षभर गोडधोड नाही. तळण नाही. चुलीवर कढई चढवायची नाही. मी म्हटलं, बरं.

मग जरा थांबून, "पण माणसं तं येतीनच. दरसालची सवय हाये. दुखाच्या घरी बसाले याच लागते."

बरं.

"मंग सायीतला मक्का कर, सूनबाई."

मी कढईकडे पाहिलं.

"अवो, तो कुठी तळलेला हाये? पितळेच्या गंजात शिजते, खाली निखारे, वर निखारे. दमावरचा! दुखवट्यात चालते."

म्हणजे शोक कढईला असतो, गंजाला नसतो. सातवीपर्यंत शिकले, पण हे कोणी शिकवलं नव्हतं.

सायीतला मक्का ही आमची पिढीजात गोष्ट! पिढी एकच. सासूबाईंचे वडील जंगलखात्याच्या बंगल्यावर चौकीदार होते. तिथला खानसामा गोऱ्या साहेबासाठी मक्का, दूध, साय आणि अंडी एकत्र करून भाजायचा. सासूबाईंनी ते लहानपणी दारातून पाहिलं आणि लग्न झाल्यावर इथे केलं. अंडं काढलं, हिरवी मिरची घातली. साहेब गेला, अंडं गेलं, मक्का राहिला. आता घरातल्या पोराटोरांना वाटतं की हा महालक्ष्म्यांचाच नैवेद्य आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

अठरा माणसं दुःख करायला आली. उपाशी आली असावीत.

काल घरामागच्या बाडीतले साठ भुट्टे तोडले. अर्धे किसले, अर्ध्यांचे दाणे काढले. दूध, साय, जिरं, मिरची, मीठ. सगळं पितळेच्या मोठ्या गंजात. गंज मंद निखाऱ्यांवर, झाकणावरही निखारे, तासभर हलवायचा नाही. वरचा थर तांबूस झाला आणि वास ओसरीत पोचला. तोपर्यंत तिथे धुरपताबाईंचं रडणं चाललं होतं. वासाने थांबलं.

तीनतीनदा वाढून घेतलं. पोट भरल्यावर तोंडाला दुसरं काम मिळालं.

"मायच्या हातची चव नाई," धुरपताबाई म्हणाल्या. "माय करे तं वडीसारखा कापून निघे. हा तं पानभर वाहून राह्यला!"

"हात असते एकेकाचा," मुखरूकाका म्हणाले. "तो काय सुनेले येते? वाढ बरं अजून थोडा."

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतं! हा मक्का नऊ वर्षं मी करते आहे.

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्या वर्षी मक्क्यात मीठ दोनदा पडलं. पाहुण्यांनी खाल्लं, कोणी बोललं नाही. त्या मात्र जेवल्या नाहीत. दिवसभर गंजाकडे बघत बसल्या – म्हणजे गंज जिथे असावा तिकडे. पुढच्या वर्षी मी काही न बोलता किसणी घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्या चुलीपाशी, दाराकडे पाठ करून. बाहेरून दिसायचं, सासू करते आहे, सून हाताखाली आहे. करत होते मी. त्या हात हलवायच्या. "मीठ टाकलं वो!" असं मोठ्याने म्हणायच्या, मी टाकल्यावर.

एकच काम त्यांनी सोडलं नाही. साय. "साय मी देतो." आदल्या दिवशीच त्यांच्या खोलीत वाडगा भरून ठेवलेला असायचा. तांबूस, दाट साय. मंद आचेची आहे, म्हणायच्या. मी म्हटलं, असू दे. घरच्या म्हातारीला तेवढा मान तरी राहील.

दोघी यावर एक शब्द कधी बोललो नाही. नऊ वर्षं.

आणि आज माझ्याच हाताची चव माझ्या हाताला नाही म्हणे! तीच किसणी, तोच गंज, तेच हात. बदललं एवढंच की साय मी काढली.

३ सप्टेंबर

खरं सांगायचं तर वाहत होता. साय दाट यावी म्हणून म्हशीला सरकी वाढवली आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

दोन तारखेला ज्यांचं दुःख राहून गेलं होतं ते आज आले. ज्यांचं राहिलं नव्हतं तेही आले. पुन्हा मक्का. दूध कमी घातलं. निखारे जास्त दिले. साय दोन दिवस आटवली. झाकण काढलं तर वर पापुद्रा आणि खाली तळं! म्हशीने सरकी फुकट खाल्ली.

धुरपताबाईंनी पळी घातली, उचलली, सगळ्यांना दाखवली. धार लागली होती.

मग म्हणाल्या, "हा गंज मी नेतो. मायचा हाये. इंदूच्यानं होत नाई तं इथी ठेवून का करता? माह्या हातात माय हाये. चव तरी राहीन."

हे पानाकडे बघत म्हणाले, "ने ना बाई." शाळेत पन्नास पोरांना दरडावतात. घरी सगळ्यांना सुट्टी.

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. नऊ वर्षांचं, तयार. बाहेरसुद्धा पडलं. "नऊ वर्षं मीच –"

मुखरूकाकांचा घास हातातच राहिला.

"मीच का?" धुरपताबाईंनी विचारलं.

"मीच घासते तो गंज," मी म्हटलं. "तळ पातळ झाला आहे. आच जपून द्या."

सांगितलं असतं तर गंज राहिला असता. मग पुढे? दोनदा पडलेलं मीठ निघालं असतं. आंधळ्या म्हातारीने आम्हाला नऊ वर्षं फसवलं, असं राजुऱ्यापासून सिंदेवाहीपर्यंत झालं असतं. त्या तर उत्तर द्यायलाही नाहीत. माणूस गेलं की मागे काय उरतं? सासूबाईंच्या मागे एक मक्का उरला आहे. तो त्यांचाच असू दे. मला काय, मला म्हैस आहे.

गाडीच्या वेळी धुरपताबाईंनी गंज लुगड्यात गुंडाळून कडेवर घेतला. लेकरासारखा.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "काऊन गप्प होतीस? तुले गंज पायजे होता तं सांगायचं." पाहिजे होता. हेही यांना सांगावं लागतं.

१६ सप्टेंबर

फळीवर गंजाची गोल खूण राहिली आहे. तिच्यावर डबा ठेवला. लहान पडतो.

२८ सप्टेंबर

धुरपताबाईंचं कार्ड आलं, त्यांच्या जावयांच्या अक्षरात. मक्का करून पाहिला. जमला नाही. राजुऱ्याच्या दुधात दम नाही म्हणे! मायची चव मायसंगंच गेली, असं शेवटी लिहिलं आहे. गंज परत पाठवण्याचं लिहिलेलं नाही.

आज दिवसभर माझं मन प्रसन्न होतं. देवा, क्षमा कर. कार्ड तीनदा वाचलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी बुधरी आली. उन्हाळ्यात पाय मोडला होता, मग नाला भरला. सासूबाई गेल्याचं तिला गावात शिरतानाच कळलं. मागच्या दाराशी बसून मोठ्याने रडली. तेरवीला कोणी तसं रडलं नव्हतं. मग पदराखालून पळसाच्या पानांचा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. चाराच्या बिया, न फोडलेल्या.

"बाईले दरसाल देतो," म्हणाली. "बाई फोडे, आतली चारोळी बारीक वाटे, सायीत कालवे. त्यानंच तं मक्का घट्ट धरे. अंड्याच्या जागी. तुले नाई मालूम?"

मला नाही मालूम.

"मी म्हणो, बाई, सुनेले सांगून टाका ना. तं म्हणे, नको. ते माही लाज झाकते, मी तिची झाकतो. बराबर झालं."

तिला तांदूळ दिले. ती गेली. हे शाळेत होते. बाडीतला मक्का संपला आहे, गंज राजुऱ्याला आहे. मागच्या खोलीत गेले. सासूबाईंचे दोन्ही दगड कोपऱ्यात होते. एक खाली ठेवला, एक हातात घेतला आणि बिया फोडत बसले.