शेवग्याचा पाला

सोमवार, संध्याकाळ. गोकुळाष्टमी होऊन आठ दिवस झाले.

बाबांचा उजवा हात आजही हलला नाही. बोलणं तर गेलंच आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, जेवणात काही बदल केला होता का? म्हटलं, श्रावण पाळतो ना आम्ही. मासे बंद, म्हणून रोज पालेभाजी. टाकळा, माठ, अष्टमीला शेवग्याचा पाला. चांगली म्हणूनच ना!

त्यांनी बाबांच्या औषधांची चिठ्ठी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी ती रोजची गोळी. पालेभाजी वाईट नाही, पण एकदम वाढवली की गोळीचा असर कमी होतो. गुठळी झाली, सुटली, मेंदूत गेली.

गोळी मी एक दिवस चुकवली नव्हती. हे कुणी आधी का नाही सांगितलं? की सांगितलं होतं आणि मीच...

अष्टमीला भोईवाड्यातून जुडी आणून तासभर पाला निवडत बसले होते. बाबा ताटाकडे बघून म्हणाले, "मी काय बकरो आसंय गो?" आणि माझं मन राखायला परत वाढून घेतला. परत.

आज पेज भरवताना ओठ जुळवून धडपडत होते, "ब... ब..." डोळ्यांत चक्क हसू. आईनं विचारलं, "काय म्हणतायत गं?"

मला कळलं होतं. म्हटलं, "पाणी मागतायत."