लाल-पिवळीचं वजन

५ मार्च
सरांचा हुकूम. २४ तारखेच्या सादरीकरणात पहिल्या स्लाइडवर चार ओळी अशा हव्यात की शिपायालाही कळल्या पाहिजेत. शिपायाला कळतील, समितीचं सांगता येत नाही.
लिहिल्या: सिल्लोडकडच्या शिवारात टिटव्यांच्या पायांत रंगीत कडी घातली. दर मार्च-एप्रिलला पाहिलं, कोण परत दिसतं, त्याच जोडीदारासोबत दिसतं का. पकडून वजन केलं, सोडून दिलं. ज्यांचं वजन टिकतं त्यांची जोडी टिकते.
शेवटच्या ओळीत माझी पाच वर्षं गेली. आईनं कॉलनीभर सांगून ठेवलंय, सुजाता यंदा डॉक्टर. ही डॉक्टर गोळ्या देत नाही हे अर्ध्या कॉलनीला अजून माहीत नाही.

८ मार्च
जोडी टिकेल का याचं गणित मांडणाऱ्या संगणकातल्या मॉडेलमध्ये मागचे दोन हंगाम घातले आणि बिनसलं. कडं, जोडीदार, वर्ष एवढंच दिलं तर गुमान चालतं. प्रत्येक पक्ष्याच्या वजनातला फरक दिला की अडून बसतं. म्हणतं, वजन राखलेल्या टिटवीची जोडी तुटणं अशक्य. अशक्य? ग्रॅमऐवजी सरासरीपासूनचं अंतर देऊन पाहिलं. सुरुवातीचे आकडे बदलले. एकेक वर्ष वगळलं. तेच.
डिपार्टमेंटच्या खोलीला एकच खिडकी, तीही उघडत नाही. दिवसभर तिच्यासमोर बसून होते.

११ मार्च
सरांना दाखवलं. "इतका ठळक निकाल आलाय आणि तू रडतेस?" गेल्या वर्षी परिषदेत त्यांनी हेच छातीठोकपणे सांगितलंय, आता मागं कसे येतील. "चूक असलीच तर तुझ्या कोडमध्ये. शोध. तारीख हलणार नाही."
मुदतवाढ दोनदा झाली. तिसरी मिळत नाही.

१३ मार्च
कोड ओळ न् ओळ वाचला. काही नाही.
संध्याकाळी आई गुलमंडीतून माझा बायोडाटा टाईप करून घेऊन आली. उंची, रंग, शिक्षण, वजन ५२. म्हटलं, ५२ कुठून काढलंस? खुर्चीत बसून बसून ५८ झालंय.
"मागच्या सालचा कागद व्हता, त्यावरून उतरवलं. तुला काट्यावर कोण उभं करायलंय?"
हसले. मग घास हातातच राहिला. आईला वाटलं लग्नाच्या विषयानं जेवण जात नाही.

१४ मार्च
नोंदवही काढली. लाल-पिवळ्या कड्यांची टिटवी, १८६ ग्रॅम. पुढच्या साली १८६. त्याच्या पुढच्या साली १८६. हिरवी-पांढरी १७४, १७४, १७४. पान उलटावं तर तेच. थोड्या वेळानं मोजायचं सोडून दिलं.
फरक शून्य असलेली एकूणएक टिटवी जुन्याच जोडीदारासोबत. एकसुद्धा अपवाद नाही, म्हणून मॉडेल आडवं पडत होतं. कोड बिचारा बरोबर होता.
त्या दोन हंगामांतलं अक्षर खलील चाचांचं. पहिल्या दिवसापासून पक्षी पकडायला तेच माझ्यासोबत शिवारात. नंतर मी इथं प्रबंध लिहीत बसले आणि तिकडं ते एकटे फिरले. प्रत्येक पानाखाली "तपासलं" आणि माझी सही. काय तपासलं? चहा पिताना केलेल्या सह्या आहेत त्या. लाज वाटली. भीती त्याहून जास्त.

१७ मार्च
सिल्लोडची एसटी धरली. चाचा बांधावरच भेटले. वही पुढं केली. त्यांनी काही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.
"अंड्यावर बसलेलीला थैलीत घालायचं व्हय बाई? ऊन बघा की. दहा मिनटात अंडी उकडतात. कडं दुर्बिणीतून वाचलं, वजन ठाऊकच व्हतं, मागच्या सालचं लिवलं. कोरं सोडलं तर तुम्हीच गुस्सा करता."
करते. पहिल्या वर्षी कोऱ्या रकान्यावरून मीच ओरडले होते.
आणि जुन्या जोड्याच लवकर अंडी घालतात. चाचांच्या फेरीत बसलेल्या सापडायच्या त्या नेमक्या त्याच. म्हणजे मी जे शोधून काढलं ती टिटवीची गोष्ट नव्हतीच. चाचांची माया होती. त्यांच्यावर चिडताही येईना. डब्यातली भाकरी दिली त्यांनी, खाल्ली.

१९ मार्च
ती वजनं कोरी करून मॉडेल चालवलं. कोरी चालत नाहीत, प्रोग्राम तो पक्षीच टाकून देतो. मग टिकलेल्या जोड्याच उरत नाहीत. कोऱ्या जागी सरासरी भरली तर निकालच विरून जातो. तशीच ठेवली तर सगळं छान, समिती खूश, सर खूश, आई पेढे वाटणार. फक्त मला माहीत.
सरांना सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, त्या माणसाला ठेवलं कुणी. चाचांचं नाव निघेल. सही मात्र माझी.
अडकले. कुठूनही हललं तरी आवळतंय.

२१ मार्च
पुन्हा शिवारात. एवढं तरी कळू दे, बसलेल्या टिटवीचं वजन खरं किती.
चाचा म्हणाले, "फास मी लावणार नाय. तुम्ही लावा." आणि पाठ फिरवून उभे राहिले.
लावला. लाल-पिवळी सापडली. तिचा नर डोक्यावर ओरडत घिरट्या घालतोय. थैली काट्याला अडकवली. १५८.
चाचा तोवर अंड्यांवर रुमाल धरून बसले होते. काटा पाहून म्हणाले, "सुकली की हो."
जोडी तीच, घरटं त्याच रानात, आणि ही अठ्ठावीस ग्रॅमनं कमी. एका पक्ष्यावरून काही ठरत नाही, मीच पोरांना शिकवते. पण कदाचित माझी चौथी ओळ उलटीच असेल.
सोडली. आम्ही लांब जाऊन बसलो. ती ओढ्याकडे गेली, अंडी गार ठेवायला पोट भिजवून आली, अंड्यांवर बसली. जीव भांड्यात पडला.
रकान्यात १५८ लिहिलं.
आता फाट्यावर, लिंबाखाली. सरांना मेसेज लिहिला: "सर, मागच्या दोन हंगामांची वजनं खरी नाहीत. मी न तपासता सह्या केल्या. २४ ला हा निकाल मांडता येणार नाही." चाचांचं नाव घातलं नाही. पाठवला. इथं रेंज नाही, मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह येऊन थांबलंय. म्हणजे अजून पुसता येतो. मघापासून दोनदा बोट तिथं नेलं.
एसटी दिसतेय. मोठ्या रस्त्याला लागली की रेंज येते.
चाचांनी विचारलं, "गेला का निरोप?"
म्हटलं, अजून नाही.