पहिल्या फेरीआधीचा घास

सोम. ९ मार्च
कार्ले फाट्याच्या अलीकडे मी काही क्षण शुद्धीत नव्हतोच. हात घामानं ओले, समोर सगळं धूसर. मग शांतामावशींचा आवाज, "भाऊ, गाडी कडंला घ्या. भाऊ." घेतली. मुलांना चढवायचं-उतरवायचं काम त्यांचं, आज मलाच सांभाळलं. डब्यातला गूळ तोंडात कोंबला, पाच मिनिटांत माणसात आलो. मागं छत्तीस मुलं गाणी म्हणत होती. लोणावळ्यात शाळेत वेळेत पोचलो. घरी गाडीतलं बोललो नाही, नुसती चक्कर आली म्हणालो.

मंगळ. १०
दुपारी वडगावला डॉ.कडे. सौ. बरोबर आलीच.
"मधुमेहाची गोळी कधी घेता?" पहाटे, चहाबरोबर. "आणि खाता कधी?" साडेनऊला, पहिली फेरी झाल्यावर. भरल्या पोटी स्टेअरिंगवर डोळा लागतो, असं गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं सांगितलेलं. बावीस वर्षं तेच. डॉ. हसले नाहीत. चिठ्ठीवर लिहिलं: गोळीबरोबर खाणं. भाकरी, उसळ, अंडं किंवा दही. नुसता चहा नको. खाली एक ओळ, आठ दिवस गाडी चालवू नका. चिठ्ठी मीच घेतली. सौ.ला वरचं वाचून दाखवलं, खालचं नाही.

बुध. ११
साडेपाचला नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, अंडं. सौ. खूश. "इतकी वर्सं मागं लागले, आत्ता कुटं सुचलं." पाणी पिऊन एकेक घास ढकलला. फाटा आला तशी गाडी तीसवर. मागचे हॉर्न मारून थकले.

शुक्र. १३
दोन दिवस काही नाही. म्हणूनच जास्त भीती वाटते. मावशी चढतानाच विचारतात, "काय खाल्लं?" बायकोपेक्षा कडक. आज उतरताना म्हणाल्या, "गाडीच्या मालकाला तुमी सांगताय का मी सांगू? मला लय घोर लागलाय." सोमवारपर्यंत थांबा म्हणालो. पन्नाशी उलटली, गाडीशिवाय दुसरं काय येतं मला? घरी बसवलं तर…

रवि. १५
लेक आली, पेढे घेऊन. नातीला आमच्याच शाळेत प्रवेश मिळाला. "आबा, जूनपासून ती तुमच्याच गाडीत. मला काळजी न्हाई."
तोंडातून गेलंच, "नको. तू सोड तिला स्कूटीवर."
सौ. म्हणाली, "का वो?" छत्तीस घरांतल्या कुणालाच मी असं नको म्हणालो नाही. स्वतःची लाज वाटली. मग डॉ.ची चिठ्ठी काढून सौ.च्या हातात दिली. तिनं खालची ओळ दोनदा वाचली आणि आत गेली.

सोम. १६
भाकरी, दही, अंडं. सगळं संपवलं. सौ. समोर बसून होती.
६.१०. आज दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणायला मालकाला फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत.
६.२०. परत तेच.
मावशी गाडीपाशी येऊन थांबल्यात. किल्ली माझ्याकडे आहे. पावणेसातला स्टॉपवर पहिलं मूल उभं राहील.