कात्रीची ठकठक

४ मार्च १९६३, सोमवार

आज तीन जोड तडकले. मॉलिब्डेनम म्हणजे महा नाठाळ धातू! वितळवून जोडावं तर ठिसूळ होतं, म्हणून आम्ही यंत्राच्या कंपनानं नुसतं घासून जोडतो. जोड बसला की यंत्राची बारीक शिट्टी खाली येते — त्याच क्षणी बटण सोडायचं. जरा उशीर, की कडेला तडा. अकरा वर्षं खोलीत एकच बोलणं — 'कानाला विचारा.' कान म्हणजे मी, मर्ल पेनॉक.

मागच्या बाकावर ऑर्फा पट्ट्या कापते. शुक्रवारी तिला खडसावलं — ती कात्री टेबलावर ठकठक आपटू नकोस, डोकं उठतं! आज ठकठक बंद होती.

५ मार्च

शिट्टी ऐकूच येत नाही. ऑक्टोबरपासून. लिहिलं एकदाचं. माणसांचं बोलणं येतं, घड्याळ येतं, नेमकी तीच गेली. बटण अंदाजानं सोडतो. शुक्रवारपर्यंत अंदाज बरा लागायचा. आता काय झालं कळत नाही.

७ मार्च

सात तडकले. डॉक्टर किन्झी, आमचे साहेब, लालबुंद. पत्रा ज्या दिशेनं लाटलेला तशीच पट्टी कापावी लागते. आडवी कापली तरी तडकते. ते ऑर्फावर घसरले. मग मला विचारलं, "पेनॉक, शिट्टी ठीक होती?"

"ठीक होती," मी म्हणालो.

ऑर्फानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, चुकलं असेल माझं. तिला काढून टाकलं. घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे तिची. शी! काय माणूस आहे मी!

८ मार्च

तडकलेली एक पट्टी आम्लात धुऊन भिंगाखाली धरली. कण सगळे लांबीला. कापणी बिनचूक होती. ठाऊक होतंच, तरी बघितलं.

१० मार्च

रविवार. उद्या किन्झींना सांगायचं.

११ मार्च

किन्झींना सगळं सांगितलं. म्हणाले, तिला बोलावून आणा. तुमचं मग बघू.

१२ मार्च

ब्रँडीवाइन नदी ओलांडून ऑर्फाच्या घरी गेलो. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिलो. परत ये म्हणालो. नाही म्हणाली.

"शिट्टी खाली आली की मी कात्री ठोकायचे, मिस्टर पेनॉक. तुमचा अंगठा बटणावरून उठायचा. ऑक्टोबरपासून."