माझा पास, माझी निवड

चिरंजीव,

वाद्यवृंदाच्या मोसमी पासावरचे माझे सगळे कार्यक्रम तू परस्पर निवडून टाकलेस, हे मला आज तिकीटखिडकीवरच्या बाईंच्या फोनवरून कळलं. मला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाहीस. सगळे दुपारचे, हलकेफुलके, आणि जागा दाराजवळची, म्हणजे म्हातारीला मधेच उठून जाता येईल. चेलोवादनाचा कार्यक्रम तेवढा नेमका गाळलास. का गाळलास, ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. तुझे बाबा जन्मभर त्याच वाद्यवृंदात चेलो वाजवत होते. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं आईला बघवणार नाही, असं तूच ठरवलंस.

ते गेल्यापासून या घरात त्यांचं नाव निघत नाही. त्यांचा चेलो तू माळ्यावर टाकलास, तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही. आता मात्र अति झालं. पास बदलून घ्यायला मी निघाले आहे. चेलोचाच कार्यक्रम घेणार, तोही पुढच्या रांगेतला, आणि शेजारची जागा तुझ्यासाठी. नाही म्हणायचं नाही. बाबांसाठी तू अजून एकदाही रडला नाहीस, ते मला दिसतं.

जेवण झाकून ठेवलंय. गरम करून खा.

आई